एक नामंजूर अर्ज

कुंडलच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहत उभे राहिले की ओळखीचे कोणी ना कोणी भेटतेच. आणि भेटले की पहिला प्रश्न ठरलेला. "काय करतीस गं सध्या?" "कॉलेजला आहे." "सायन्स का?" "नाही, आर्ट्स." मग क्षणभर शांतता पसरते. नंतर समोरचे गृहस्थ, घरात कोणी आजारी असल्याचे कळावे तशा मऊ आवाजात म्हणतात, "असू दे, असू दे. शिकतीयास हे काय कमी हाय?" बायकांचा प्रश्न आणखी थेट असतो. "मग यंदा बघत्यात का न्हाई कुठं?" आर्ट्स म्हणजे मुलीने लग्न ठरेपर्यंत आणि मुलाने पोलीस भरती निघेपर्यंत बसायचे बाकडे, अशी आपल्या भागाची पक्की समजूत आहे. आणि खरे सांगायचे तर, बाकड्यावर बसलेल्या आपल्यापैकी पुष्कळांचीही तीच आहे.

याच आर्ट्ससाठी मी बारावीत असताना अमेरिकेला अर्ज केला होता, असे सांगितले तर त्या स्टँडवर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण केला होता. एकूण पाच ठिकाणी. चार ठिकाणांहून नकार आला, एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव लागले आणि जूनमध्ये तेही मावळले. त्या नकाराचे रडगाणे गाण्यासाठी हा लेख नाही. तो अर्ज भरताना काही प्रश्न माझ्यापुढे आले, ते त्याआधी बारा वर्षांत मला कोणी विचारले नव्हते. ते प्रश्न आपल्याकडे का विचारले जात नाहीत, एवढेच मला आपल्या कॉलेजच्या अंकातून विचारायचे आहे.

आधी ही कॉलेजे काय आहेत ते सांगते. 'लिबरल आर्ट्स कॉलेज' असे त्यांना म्हणतात. विल्यम्स (१७९३), बोडन (१७९४), ॲमहर्स्ट (१८२१), स्वॉर्थमोर (१८६४) ही त्यांतली नामांकित नावे. हार्वर्डसारखी ही अवाढव्य विद्यापीठे नव्हेत. विद्यार्थी सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास, आणि मुख्य काम पदवीपर्यंत नीट शिकवण्याचे. वर्ग लहान. मुख्य विषय पहिल्याच दिवशी ठरवायचा नसतो. साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मुभा असते. तोवर इतिहासाच्या विद्यार्थ्याने खगोलशास्त्र ऐकावे, गणिताच्या विद्यार्थिनीने नाटक वाचावे, अशी अपेक्षा. तिथल्या 'आर्ट्स'मध्ये भौतिकशास्त्रसुद्धा येते. 'लिबरल' या लॅटिन कुळातल्या शब्दाचा अर्थ स्वतंत्र माणसाचे, म्हणजे जो कोणाचा गुलाम नाही त्याला शोभणारे. स्वतंत्र माणसाला वाचता, बोलता, वाद घालता, हिशेब तपासता आणि स्वतःचे मत बनवता आले पाहिजे, म्हणून हे शिक्षण.

आणि आता गंमत पाहा. या कॉलेजांत शंभर अर्जदारांपैकी दहांच्या आतबाहेरच प्रवेश मिळतो. जे शिक्षण आमच्या स्टँडवर सांत्वनाचा विषय, त्यासाठी तिकडे जगभरातून अशी झुंबड! आपल्या देशातही सोनीपतचे अशोका विद्यापीठ, पुण्याचे फ्लेम विद्यापीठ याच धर्तीवर निघाले. तिथली फी ऐकली तर आर्ट्स ही श्रीमंतांची चैन वाटावी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांतही मेजर, मायनर हे शब्द आले, चार वर्षांची पदवी आली. वेळापत्रक बदलले. स्टँडवरची शांतता मात्र तशीच आहे.

कोणी म्हणेल, कुंडल कुठे आणि अमेरिका कुठे? पण हे अंतर आपल्या भागाने फार पूर्वीच कापले आहे. आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडी स्टेशनचे जुने नाव कुंडल रोड. औंध संस्थानच्या त्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली बोस्टनजवळच्या एम.आय.टी.त यंत्रशास्त्र शिकायला गेले. सातारला शाळेची सुरुवात केलेले डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांनी काय शिकले ते पाहण्यासारखे आहे. मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान. म्हणजे स्टँडवरच्या भाषेत 'आर्ट्स'च! घटना समितीत मसुदा लिहिणाऱ्या हातांमागे हे सारे वाचन होते, हे आपण जयंतीच्या भाषणात कधी सांगतो का?

पण मला सर्वांत जवळची वाटते ती आनंदीबाई जोशींची गोष्ट. कारण ती मुळात अर्जाचीच गोष्ट आहे. तिचा आरंभही आपल्या शेजारच्या कोल्हापुरात झाला. गोपाळराव जोशी तिथे पोस्टात नोकरीला होते. पत्नीला अमेरिकेत शिकवावे म्हणून १८७८ साली त्यांनी वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच काम केलेले आणि तेव्हा अमेरिकेत परतून मासिक चालवणारे. त्यांनी पत्र छापले, पण उत्तरात ख्रिस्ती होण्याकडे बोट दाखवले. ते छापील पत्र न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाईंच्या वाचनात आले आणि त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे १८८३ साली अमेरिकेत पोचल्यावर आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतः अर्ज लिहिला. आपण प्रवेशाच्या साऱ्या अटी पुऱ्या करत नाही, हे त्यात लपवले नाही. आपल्या देशातल्या बाया पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, हे सरळ सांगितले. प्रवेश मिळाला. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात वारल्या.

नवऱ्याने बायकोच्या वतीने लिहिलेल्या पत्राला अट आली. अठरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या आवाजात लिहिलेल्या पत्राला प्रवेश आला. दोन्हींमागची कारणे निराळी होती हे मला कळते. तरीही माझा अर्ज नामंजूर झाल्यानंतर हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. कारण माझा अर्ज माझ्या आवाजात नव्हता.

तो कसा नव्हता, ते सांगते. तिकडच्या बहुतेक कॉलेजांसाठी 'कॉमन ॲप' नावाचा एकच सामाईक अर्ज असतो. त्यात गुणपत्रके लागतात, ती नववीपासूनची. पण गुण हा त्या अर्जाचा एक कोपरा. त्याखेरीज ६५० शब्दांपर्यंतचा एक निबंध, स्वतःविषयी. शाळेबाहेर तुम्ही काय करता, याची दहा ओळींची यादी. दोन शिक्षकांची पत्रे. शाळेच्या समुपदेशकाचे एक पत्र. आणि घरच्या पैशाचा सविस्तर तक्ता. १ जानेवारीच्या सुमारास मुदत, मार्चअखेर निकाल.

पहिली अडचण समुपदेशकाची. आमच्या शाळेत असा माणूसच नाही. मुख्याध्यापकांनी ती जागा भरली आणि कार्यालयातल्या क्लार्क काकांनी आपले जेवणाचे डबे सोडून चार दुपारी माझी गुणपत्रके स्कॅन केली. "हे अमेरिकेत कोण बघणार गं?" असे ते प्रत्येक पानाला विचारत आणि पान सरळ लावत.

दुसरी अडचण शिक्षकांच्या पत्रांची. एका सरांकडे गेले. सर मनाने चांगले, पण वर्गात आम्ही ऐंशी जण. ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी लिहायला बसले आणि कागदावर उतरले ते असे : 'ही विद्यार्थिनी आज्ञाधारक, वक्तशीर व सद्वर्तनी असून तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.' हे तर चारित्र्याच्या दाखल्यावरचे वाक्य! त्यात माझे नाव खोडून वर्गातल्या कोणाचेही घातले असते तरी ते खरेच ठरले असते. त्या पत्रात शिक्षकाने विद्यार्थ्याविषयी असे काही लिहायचे असते, जे दुसऱ्या कोणाविषयी लिहिता येणार नाही. आणि ते त्याचे त्यानेच लिहायचे असते. मी तो कागद फाडला आणि मराठीच्या बाईंकडे गेले. बाईंनी दोन दिवस घेतले. त्यांनी मराठीत लिहिले, इंग्रजी दुसऱ्या बाईंनी केले. त्यात एक प्रसंग होता. अकरावीत 'कथेतल्या आईचे नाव लेखकाने का दिले नाही?' असे मी विचारले होते आणि तास संपला तरी वाद थांबला नव्हता. मी ते विसरून गेले होते. बाई विसरल्या नव्हत्या. पुढचे सगळे नकार मला त्या एका पत्रामुळे सोसले, असे म्हटले तर ते फुगवून सांगणे होणार नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. अशा कॉलेजात राहण्याजेवणासह वर्षाचा खर्च आज नव्वद हजार डॉलर्सच्या घरात आहे, म्हणजे पाऊण कोटी रुपयांहून अधिक. ऐकूनच घाम फुटावा. पण यातली काही कॉलेजे, प्रवेश दिला तर कुटुंबाला झेपत नाही तेवढा सगळा भार स्वतः उचलतात. त्यांतही दोन जाती. ॲमहर्स्ट आणि २०२२पासून बोडन परदेशी विद्यार्थ्याचाही अर्ज वाचताना त्याला किती मदत लागेल याचा विचार करत नाहीत. बाकीची बहुतेक करतात. तिथे ज्याला जास्त पैसे लागणार त्याची वाट जास्त अरुंद. ही गोष्ट जाहिरातीच्या पुस्तिकेत मोठ्या अक्षरात नसते. आनंदीबाईंना कार्पेंटरबाई भेटल्या, आंबेडकरांना सयाजीराव भेटले. आजच्या मुलाला कॉलेजची तिजोरीच भेटावी लागते.

त्या तक्त्याने आमच्या घरात जो प्रकार झाला तो मला विसरता येत नाही. वडिलांचा मासिक पगार किती, असा रकाना. उसाला पगार नसतो. बिल असते आणि तेही हप्त्याने. दुधाचे पैसे दहा दिवसांनी. त्यातून सोसायटीचे कर्ज वजा. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला घरात होता, पण त्यावरचा आकडा आणि उसाच्या बिलावरचा आकडा एकमेकांना ओळख दाखवत नव्हते. अण्णा बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आपण गरीब हाय असं लिहायचं व्हय गं?" मी म्हटले, "जे आहे ते लिहायचं, अण्णा." त्यावर ते म्हणाले, "मग दाखला ठेव बाजूला. बिलं काढ." आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घराचा खरा जमाखर्च त्या रात्री एका कागदावर आला. आजी कोपऱ्यातून ऐकत होती. ती म्हणाली, "एवढं तर सोयरिकीतबी कुणी सांगत न्हाई."

पैशाच्या तक्त्यात आम्ही खरे लिहिले. खोटे लिहिले ते निबंधात. खोटे म्हणजे असत्य नव्हे, पोकळ. स्वतःविषयी लिहा, असे म्हटल्यावर मला काही सुचेना. नववीपासून निबंध लिहायचे ते 'पाण्याचे महत्त्व' आणि 'मी शेतकरी बोलतोय'. दुसऱ्याच्या तोंडाने बोलायची सवय. स्वतःचे तोंड कधी वापरलेच नव्हते. मग मी कुंडलचा इतिहास लिहिला. प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेना, १९४३ साली शेणोलीजवळ अडवलेली रेल्वे. वाचनालयातून दोन पुस्तके आणून इंग्रजीत भाषांतर केले. शेवटी 'या मातीचे रक्त माझ्या धमन्यांत वाहते' अशा अर्थाचे वाक्य टाकले. ६५० शब्द झाले. त्यात सगळे होते, मी नव्हते. ज्या माणसांनी स्वतःच्या जिवावर स्वतःचे राज्य चालवले, त्यांचे नाव घेऊन मी दुसऱ्याच्या शब्दांत बोलत होते.

दहा ओळींच्या यादीतही तेच. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा क्रमांक, रांगोळी, वृक्षारोपण असे जमवून सहा ओळी झाल्या. चार मोकळ्या राहिल्या. त्या यादीत 'घरची जबाबदारी' असाही एक प्रकार निवडता येतो, हे मी पाहिले होते; पण त्यात लिहिण्यासारखे आपल्याकडे काही नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटले.

आणि होते ते असे. आमच्या गल्लीत मी सहावीत असल्यापासून 'कागद वाचणारी पोरगी' आहे. बँकेचे पत्र, उसाची पावती, गॅसचे पुस्तक, बचत गटाचे रजिस्टर, सातबारा. ज्यांना अक्षर लागत नाही किंवा अक्षर लागते पण भाषा लागत नाही, त्या सगळ्या बायका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येतात. आठवीत असताना एक काकू सातबारा घेऊन आल्या. नवरा वारून वर्ष झाले होते. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा होता, कर्जाचा. काकूंना त्यातले काही ठाऊक नव्हते. मी वाचता वाचता थांबले. वाचले तर मेलेल्या माणसाची लपवलेली गोष्ट मी उघडी पाडणार. न वाचले तर त्या मला विश्वासाने विचारत होत्या. आजीने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "जे लिवलंय ते वाच. पण आधी पाणी दे तिला." मी पाणी दिले. मग वाचले. काकू रडल्या नाहीत; एवढेच म्हणाल्या, "आता ठाऊक तरी झालं. आता फेडता यील."

मित्रहो, हा माझा निबंध होता. शब्द म्हणजे काय, वाचणाऱ्यावर केवढी जबाबदारी असते, खरे कसे आणि केव्हा सांगावे, हे मला त्या ओट्यावर कळले होते. स्वतंत्र माणसाचे शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? पण ते मी लिहिले नाही, कारण त्याला प्रमाणपत्र नव्हते. नकाराचे कारण कोणी कळवत नाहीत. हा निबंध लिहिला असता तर प्रवेश मिळालाच असता, असे मी म्हणणार नाही. दूरदूरच्या इतक्या हुशार मुलामुलींत माझा क्रमांक तरीही लागला नसता, हेच जास्त संभवते. पण मग नकार माझ्या अर्जाला मिळाला असता. मिळाला तो वाचनालयातल्या दोन पुस्तकांना.

आता या साऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख अमेरिकेची आरती होईल. हा प्रश्न सुंदर असला तरी त्याभोवती बाजार उभा आहे. मोठ्या शहरांत सल्लागार मंडळी भरपूर पैसे घेऊन मुलांची 'गोष्ट' घडवून देतात. ज्यांच्याकडे खरी गोष्ट आहे त्यांना ती सांगता येत नाही आणि ज्यांना सांगता येते ते ती विकत घेतात. दुसरे म्हणजे, आपल्यासारख्यांना मोह होतो तो करुणकथा मांडण्याचा. गरिबी ही सांगण्याची वस्तू झाली की माणूस स्वतःकडेच परक्या डोळ्यांनी बघू लागतो. अण्णांचा प्रश्न, 'गरीब हाय असं लिहायचं व्हय', हा याच भीतीचा होता आणि ती भीती रास्त होती. तिसरे, दार त्यांचे आहे. ते केव्हा उघडावे हे तेच ठरवणार. २०२५च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणेच काही आठवडे थांबवले होते. प्रवेश हातात असलेली मुलेही ताटकळली. आणि चौथे, हजारात एकाला उचलून नेणारी दयाळू व्यवस्था ही उरलेल्या ९९९ जणांचे उत्तर होऊ शकत नाही.

ते उत्तर आपल्याच भागात एकदा शोधले गेले होते. किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रसार करत गावोगाव हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा आणि शिका' हा तिचा मंत्र. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक लिबरल आर्ट्स कॉलेज आहे, १८५५ सालचे. तिथे शिक्षणाची फी नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान दहा तास काम केलेच पाहिजे, असा नियम आहे. परदेशातली थोडी मुलेही दरवर्षी तिथे घेतात. हे वाचले तेव्हा मला हसू आले. भाऊरावांच्या वसतिगृहातल्या मुलाला हे ऐकवले असते तर तो म्हणाला असता, "मग यात नवीन काय?" श्रमाची लाज न बाळगता शिकणे ही कल्पना आपल्याला आयात करावी लागत नाही. आपल्याला कमी पडते ती दुसरी गोष्ट. शिकणाऱ्याला 'तू कोण, तुला काय वाटते' असे विचारणे आणि उत्तर येईपर्यंत थांबणे.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली विद्यार्थ्यांसाठी. प्रथम वर्षाला आल्या आल्या प्रत्येकाने स्वतःविषयी ६५० शब्द लिहावेत, मराठीत, आपल्या घरच्या मराठीत लिहिले तरी चालेल. त्यात एकही उसने वाक्य नको. तृतीय वर्षाला तोच कागद परत हातात घ्यावा आणि पुन्हा लिहावा. दुसरी सूचना, लहान तोंडी मोठा घास घेऊन, प्राध्यापकांसाठी. आपल्या वर्गातल्या निदान दहा मुलांविषयी प्रत्येकाने वर्षअखेर अर्धे पान लिहावे. असे, की नाव झाकले तरी मूल ओळखू यावे. ऐंशी मुलांच्या वर्गात हे अवघड आहे, मला कळते. पण मराठीच्या बाईंचाही वर्ग ऐंशीचाच होता.

ज्यांना खरोखर अर्ज करायचा असेल त्यांनी जरूर करावा. अकरावीतच तयारीला लागा. अर्जाची फी माफ होऊ शकते, ती मागायला लाजू नका. सगळी गरज भागवणारी कॉलेजेच निवडा. पदवीपूर्व शिक्षणासाठी जमीन तारण ठेवू नका. एज्युकेशन यूएसए ही अमेरिकन सरकारची सल्लासेवा आहे, सल्लागाराला पैसे मोजण्याआधी तिच्याकडे चौकशी करा. आणि दहा ओळींच्या यादीत दुधाची घागर, रात्रीचे पाणी, आजारी आजीची उशी, धाकट्या भावाची शाळा, जे करता ते लिहा. लिहिण्यासारखे काही नाही असे वाटेल तिथेच बहुधा लिहिण्यासारखे असते.

माझे म्हणाल, तर मी आर्ट्सलाच आहे. इथेच. मुख्य विषय मराठी. ओट्यावरचे वाचन चालूच आहे. आता सातबाऱ्याबरोबर बायका मोबाइलवरचे संदेशही घेऊन येतात. परवा स्टँडवर एक लांबच्या नात्यातले मामा भेटले. नेहमीचा प्रश्न झाला, नेहमीची शांतता झाली, आणि ते "असू दे" म्हणणार इतक्यात मी म्हटले, "असू दे काय, मामा? मी निवडून घेतलंय." मामा जरा गोंधळले. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "बरं, मग हे जरा वाच बघू. बँकेचं आलंय. मला कायबी उमजंना."

गाडी यायला अजून वेळ होता. मी वाचून दाखवले.